शिंपी : तो आणि ती

मंडळी, या महिन्यात मी 'माजघर' या शब्दावर लिहिणार होते. अर्धा लेख तयारही होता. पण डिसेंबरात गोव्याला गेलो तेव्हा एका शब्दापायी आमच्या घरातल्या मुलीचा जीव धोक्यात आला. त्यानंतर माजघरात काही मन रमेना. तो लेख पुढच्या महिन्यात. आज 'शिंपी'.

हा शब्द वाचून तुमच्यापैकी निम्म्यांच्या डोळ्यांपुढे शिवणयंत्र आलं असेल. उरलेल्या निम्म्यांच्या, म्हणजे आमच्या बडोद्यातल्या मुलांच्या डोळ्यांपुढे काहीच आलं नसेल, कारण ती कपडे शिवायला दरजीकडे टाकतात. मला म्हणायची आहे ती शिंपी दुसरी. तो शिंपी नव्हे, ती शिंपी. समुद्रातली.

आधी काय घडलं ते सांगते.

माझी आई मूळची गोव्याची, लग्न होऊन बडोद्याला आली. तिची धाकटी बहीण, माझी मावशी, बार्देशात शापोरा नदीच्या काठी राहते. नाताळच्या सुट्टीत माझी बहीण, तिची मुलगी आणि मी तिच्याकडे गेलो. भाची बावीस वर्षांची, जन्म आणि शिक्षण सगळं बडोद्यात. तीन वर्षांपूर्वी कॉलेजच्या सहलीत तिने कोलंबी खाल्ली आणि अंगभर गांध्या उठल्या. तेव्हा डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं होतं, शेलफिश टाळा. तो शब्द तिने पाठ केला आणि जिथे जाईल तिथे सांगायला लागली.

मावशीलाही सांगितला. "आजी, मला शेलफिश चालत नाही हं. ॲलर्जी आहे." मावशी म्हणाली, "बरं गो बाय, लक्षात ठेवते." आणि तिने खरंच लक्षात ठेवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवायला एकशिपी होती. ज्यांनी खाल्ली नसेल त्यांच्यासाठी सांगते. तिसऱ्या विळीवर उघडायच्या, दोन शिंपल्यांपैकी रिकामी टाकून द्यायची आणि मांस चिकटलेली तेवढी ठेवायची. मग ओलं खोबरं, मसाला, वरून दोन-चार आमसुलं. एक शिंपी ठेवलेली म्हणून एकशिपी. तिसऱ्यांच्या पोटातलं पाणी मुळातच खारट असतं, त्यामुळे मीठ चाखून, शेवटी. मावशीच्या हातची एकशिपी म्हणजे माझ्या आईच्या डोळ्यांत पाणी यायचं.

आमच्या पानात तशीच होती. भाचीच्या पानात मात्र मावशीने वेगळ्या वाटीत वाढली. त्यात एकही शिंपलं नव्हतं, नुसते मऊ तुकडे खोबऱ्याच्या वाटणात माखलेले. भाचीला वाटलं मश्रूम आहेत. दोन घास खाल्ले, तिसरा घेताना ओठाला खाज सुटली. पाच मिनिटांत ओठ सुजले, मानेवर गांध्या आल्या, आवाज घोगरा झाला. मला श्वास नीट घेता येत नाहीये, असं ती मला गुजरातीत सांगायला लागली. ती घाबरली की गुजरातीत बोलते.

शेजारच्या मुलाने गाडी काढली. दवाखाना वीस मिनिटांवर होता. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी काही न विचारता आधी मांडीत इंजेक्शन दिलं आणि मग विचारलं, काय खाल्लं? रात्रभर देखरेखीखाली ठेवलं. सकाळी ती बरी होती, भूक लागली म्हणत होती. मावशी मात्र रात्रभर बाहेरच्या बाकावर बसून होती, कुणाशीही न बोलता.

घरी आल्यावर ती बोलली ते मी तसंच्या तसं देते. "तिने सांगितलं शेल चालत नाहीत. म्हणून मी सगळी शेलां काढली गो. एक-एक करून काढली. तासभर लागला मला."

मंडळी, हे ऐकल्यावर मला आधी हसू आलं आणि मग त्या हसण्याची लाज वाटली. मावशीने जे केलं ते शब्दाला धरूनच केलं होतं. शेलफिश म्हणजे शेलवाला मासा. शेल चालत नाही, तर शेल काढून टाकू. काटा लागतो म्हणून लहान मुलांना आपण मासा सोलून देतोच की. चूक कुणाची म्हणायची? माझ्या मते कुणाचीच नाही, आणि असलीच तर माझी. शब्दांवर दर महिन्याला लिहिणारी बाई त्या ताटासमोर बसली होती, दोन्ही भाषा तिला येत होत्या, आणि भाचीच्या वाटीत काय आहे हे तिने पाहिलं नाही.

आता प्रश्न असा, की भाचीने काय म्हणायला हवं होतं?

बडोद्याला परतल्यावर मी तेच शोधत बसले. 'शेलफिश'ला मराठीत सर्वांच्या तोंडी असलेला एक शब्दच नाही. शाळेच्या पुस्तकात आहेत ते दोन वेगळे. शिंपले, गोगलगाय, कालवं हे मृदुकाय. कोलंबी, खेकडे हे संधिपाद. म्हणजे शास्त्राच्या दृष्टीने ही दोन निराळी घराणी. इंग्रजी शब्दाने बाहेरचं कवच पाहिलं आणि दोघांना एका टोपलीत टाकलं. आपल्या शास्त्रीय शब्दाने आतलं मऊ अंग पाहिलं, म्हणून मृदुकाय. मला आपला शब्द जास्त आवडतो, पण 'मावशी, मला मृदुकाय चालत नाहीत' असं म्हटलं असतं तर मावशीने बहुधा आणखी मऊ शिजवून वाढलं असतं.

स्वयंपाकघरात तर जितकी गावं तितकी नावं. तिसऱ्या, शिवल्या, मुळे, खुबे. दगडाला चिकटलेली ती कालवं. ओहोटीच्या वेळी बायका लोखंडी हत्यार घेऊन खडकावर बसतात आणि एकेक फोडून आतला गर काढतात. हे काम बघितलं की कालवांच्या भावाबद्दल कुणी घासाघीस करणार नाही. (लहानपणी 'आज कालवं आहेत' असं ऐकलं की मला वाटायचं, आज कालवण आहे. कालवण रोजच असायचं, त्यात सांगण्यासारखं काय, हे मला कळत नसे.) गोव्यात याच वस्तू तिसऱ्यो आणि काल्वां होतात, खुबे खुबेच राहतात, आणि शिणाणयो हा आणखी एक प्रकार येतो. समुद्राकाठच्या माणसाला 'शेलफिश' या एका शब्दाची गरज कधी पडली नाही, कारण त्याला यातला प्रत्येक जीव वेगळा ओळखू येतो. गरज पडली ती आपल्याला, समुद्र सोडून आत आलेल्यांना.

या सगळ्या धावपळीत 'एकशिपी' शब्द माझ्या डोक्यात घोळत राहिला. शिपी म्हणजे शिंपीच, अनुस्वार तेवढा झिजला. आज आपण शिंपला, शिंपली म्हणतो. पण जुन्या मराठीत शिंप आणि शिंपी हेच चालते शब्द होते. संतांच्या लिखाणात शिंपी आणि रुपे यांची जोडी येते. तो वेदान्तातला फार जुना दाखला. किनाऱ्यावर शिंपी उन्हात चमकते, लांबून पाहणाऱ्याला ती चांदी वाटते, तो धावत जातो. चांदी तिथे कधी नव्हतीच, पण धावणं खरं होतं. संस्कृतात याला शुक्तिरजत म्हणतात. शुक्ति म्हणजे शिंपी, रजत म्हणजे चांदी. शिंपल्याच्या आतल्या बाजूचा तो मोतिया थर ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हा दाखला समजावून सांगावा लागत नाही. बडोद्यात बसून तो समजायला थोडा त्रास होतो.

अमरकोशात शुक्तीला आणखी एक नाव दिलं आहे, मुक्तास्फोट. मोती देण्यासाठी फुटणारी. स्वाती नक्षत्रातला थेंब शिंपल्यात पडला की त्याचा मोती होतो, ही कल्पना तर आपल्या आज्यांनी सगळ्यांनाच सांगितलेली असते. प्रत्यक्षात थेंबाचा काही संबंध नसतो. आत एखादा परजीवी किंवा परका कण शिरला की शिंपल्यातला जीव त्याच्याभोवती तोच चमकदार थर एकावर एक चढवत जातो. म्हणजे मोती हीसुद्धा एका अर्थी त्या जीवाची ॲलर्जीच, असं भाची म्हणाली. शास्त्राला हे कितपत मान्य होईल ठाऊक नाही, पण दवाखान्यातून आलेल्या मुलीला मी अडवलं नाही.

शुक्ति हे मापही होतं. आयुर्वेदात दोन कर्ष म्हणजे एक शुक्ति, दोन शुक्ति म्हणजे एक पल. शिंपीभर औषध, इतकं सरळ. आणि ते माप कागदावरच राहिलं असंही नाही. माझी आजी मला घुटी पाजायची ती शिंपल्याने. चमच्याची कड बाळाच्या हिरडीला लागते, शिंपल्याची लागत नाही, असं तिचं म्हणणं. तो शिंपला आमच्या देवघरात अजून आहे. त्याचं आता काय करायचं हे कुणालाच ठरवता येत नाही, म्हणून त्यात अक्षता ठेवल्या आहेत.

शिंपीची भावंडं म्हणजे शंख आणि कवडी. कवडीचा थाट वेगळाच, तिच्यावर स्वतंत्र लेख हवा. आज एकच हिशेब सांगते. भास्कराचार्यांनी लीलावतीच्या आरंभीच पैशाचं कोष्टक दिलं आहे: वीस वराटकांची एक काकिणी, चार काकिणींचा एक पण, सोळा पणांचा एक द्रम्म. वराटक म्हणजे कवडी. एका द्रम्माला १२८० कवड्या. आपण 'कवडीमोल' म्हणतो ते काही अलंकार म्हणून नाही, तो एके काळचा खराखुरा दर आहे.

आता शिंपी शब्द आला कुठून? सोपं उत्तर असं दिलं जातं की शुक्तीपासून. पण ते नीट जुळत नाही. संस्कृतातल्या 'क्त'चा प्राकृतात 'त्त' होतो. भक्तचा भत्त झाला आणि त्याचा आपल्या ताटातला भात. त्या वाटेने शुक्तीची 'सुत्ति' व्हायला हवी. शिंपीतला 'प' कुठून आला? पाली-प्राकृतात 'सिप्पी' हा शब्द मिळतो, अर्थ तोच. आणि आता जरा दक्षिणेकडे बघा. तमिळमध्ये सिप्पी. कन्नडमध्ये चिप्पु. तेलुगूत चिप्पा, मोत्याचा शिंपला तो मुत्यपु चिप्पा. म्हणून अनेक भाषापंडित हा शब्द मुळात द्रविड भाषांतला मानतात. मलाही ते पटतं. समुद्रात पाय बुडवून शिंपल्या वेचणाऱ्यांनी हा शब्द वापरला असणार, आणि तो किनाऱ्याकिनाऱ्याने वर सरकला असणार.

यातली गंमत अशी, की आपल्या मंडळाच्या प्रत्येक गावी हा शब्द तुमच्या शेजाऱ्याच्या तोंडी आहे. बेळगावच्या वाचकांनी भाजीवाल्या कन्नड मावशींना 'चिप्पु' विचारून बघा, नारळाच्या करवंटीलाही त्या तोच शब्द लावतील. हैदराबादकरांना कोब्बरि चिप्पा म्हणजे खोबऱ्याची वाटी हे माहीत असेलच. इंदूर-ग्वाल्हेरकडे सीप आहे. आमच्याकडे गुजरातीत छीप, छीपलां. आमची भाची छीप शब्द लहानपणापासून जाणते, शाळेच्या सहलीत समुद्रावरून पिशवीभर आणल्या होत्या तिने. मावशी तिला 'शिपी' म्हणाली असती आणि कुणी म्हणालं असतं की अगं, छीप! तर ती वाटी तिने लांब सारली असती.

मग तो शिंपी कोण? त्याचं मूळ निराळं. शिल्पी, म्हणजे कारागीर, या शब्दापासून तो आला असं सांगितलं जातं. नामदेव महाराज शिंपी, हे सगळ्यांना माहीत. पंजाबात घुमानला त्यांचं मोठं स्थान आहे, आणि शिखांच्या गुरुग्रंथसाहिबात त्यांची पदं आहेत. तिथे त्यांना छीपा म्हटलं आहे. छीपा म्हणजे कापडावर छाप उठवणारा. आमच्या बडोद्यात छीपवाड आहे, ते या छीप्यांचं. लहानपणी मला वाटायचं तिथे शिंपले विकत असतील. म्हणजे मराठीत शिंपी-शिंपी आणि गुजरातीत छीप-छीपा, दोन्हीकडे समुद्र आणि कापड एकमेकांजवळ येऊन बसले आहेत, आणि नातं मात्र काही नाही. मराठीत लिंगावरून ओळखायचं: तो शिंपी कपडे शिवतो, ती शिंपी ओहोटीला सापडते.

बडोद्याचा आणि शिंपल्यांचा तसा काय संबंध, असं कुणी म्हणेल. तर आहे. द्वारकेकडचं ओखामंडल बडोदे संस्थानात होतं. तिथल्या समुद्रात काय मिळतं हे पाहण्यासाठी सयाजीराव महाराजांच्या सरकारने जेम्स हॉर्नेल नावाच्या सागरी जीवशास्त्रज्ञाकडून पाहणी करून घेतली, आणि तिचा अहवाल १९०९ साली छापला. त्यात शंख आहेत, मोत्याच्या शिंपी आहेत, आणि एक सपाट, तबकडीसारखी, जवळजवळ पारदर्शक शिंपी आहे. हीच शिंपी गोव्यात खिडक्यांना लावत. काच महाग होती त्या काळात लाकडी चौकटीत या शिंपींचे चौकोन बसवायचे. आत येणारा उजेड दुधाळ, ऊन मात्र बाहेरच. मावशीच्या गावात एका जुन्या घराला अशी एक खिडकी उरली आहे. घटना घडली त्याच्या आदल्या दिवशी भाचीने तिचे फोटो काढले होते. तो ओखामंडलचा शिंपला तिच्या आईच्या आजोळच्या खिडकीत आहे, हे तिला परत आल्यावर मी सांगितलं. ती म्हणाली, लावलेला चालतो, खाल्लेला नाही.

बडोद्यातल्या डॉक्टरांनी नंतर आम्हाला जे समजावलं तेही सांगून ठेवते, कारण तुमच्यापैकी कुणाच्या घरी कामाला येईल. कोलंबी-खेकडे आणि शिंपले ही घराणी वेगळी असली, तरी दोन्हींत ट्रोपोमायोसिन नावाचं एक प्रथिन असतं. कोलंबी सोसत नाही त्यांच्यापैकी काहींना शिंपलेही सोसत नाहीत, काहींना सोसतात. कोण कुठल्या गटात ते तपासल्याशिवाय कळत नाही. हे प्रथिन शिजवल्याने जात नाही, आणि शिंपला काढून टाकल्याने तर नाहीच, कारण ते असतं मांसात. माशांची ॲलर्जी ही आणखी निराळी गोष्ट; आमची भाची बांगडा, सुरमई व्यवस्थित खाते. तिला आता ॲड्रेनलिनचं इंजेक्शन बरोबर ठेवायला सांगितलं आहे.

आणि शब्दाचं? त्यावर भाचीनेच तोडगा काढला. एक शब्द नाही ना, मग सगळे शब्द. तिने मावशीला फोन लावून यादी लिहून घेतली. मावशीने आधी नकार दिला, "मला त्या विषयावर बोलायचं नाही" म्हणाली. मग दुसऱ्या दिवशी स्वतःच फोन केला. मावशी सांगत होती, भाची टाइप करत होती, मी मध्ये बसून मराठी नाव जोडत होते. सुंगटां म्हणजे कोलंबी. कुर्ल्यो म्हणजे खेकडे. शेवंड. तिसऱ्यो, म्हणजे तिसऱ्या, शिवल्या. खुबे. शिणाणयो. काल्वां. शेवटी भाचीने ठळक अक्षरांत लिहिलं : शिंपी काढली तरी चालत नाही.

यादी मावशीला पाठवली. तिने नातवाकडून छापून घेऊन फ्रीजवर लावली. मला वाटलं, झालं काम. रात्री साडेदहाला पुन्हा तिचा फोन.

"एक विचारायचं राहिलं गो. माणक्यो? त्यांना शिंपी नसतेच."

माणक्यो म्हणजे माकुळं. मऊ, दहा हातांची. बाहेरून कवच नाही. साफ करताना पाठीतून पारदर्शक पिसासारखी एक पातळ पट्टी निघते तेवढीच. पण घराणं शिंपल्यांचंच, मृदुकाय. मी भाचीला उठवलं आणि तिने यादीत आठवं नाव घातलं.